निर्वासितांची कमाई: पहिलं वर्ष, सहावं वर्ष, विसावं वर्ष

खुलताबादी (धागाकर्ता)

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. मथितार्थ असा, की निर्वासितांना कुठल्याही देशानं घेतलं तरी ते जन्मभर सरकारी पैशावर बसून खातात. खाली अंगठ्यांची रांग. तिथं मी वाद घातला नाही, कारण ग्रुपचे अ‍ॅडमिन सोसायटीचे चेअरमन आहेत आणि टँकरची पाळी तेच लावतात. म्हणून इथं मांडतोय.

आधी कुणाबद्दल बोलतोय ते सांगतो. छावणीत अडकलेल्या माणसांपैकी काहींची निवड करून, चौकशी करून, कागदपत्रांसह तिसऱ्या देशात नेऊन वसवतात, त्या लोकांबद्दल. नोकरीसाठी व्हिसा काढून गेलेल्यांबद्दल नाही.

अमेरिकेचा निर्वासित कायदा १९८० चा. त्याआधीपासूनही माणसं येत होतीच, व्हिएतनाममधून, क्यूबामधून. नोत्र दाम विद्यापीठातले विल्यम इव्हान्स आणि डॅनियल फिट्झगेराल्ड यांनी १९९० ते २०१४ या काळात आलेल्या निर्वासितांचा हिशेब मांडला. १८ ते ४५ वयात आलेली माणसं सुरुवातीला बेकार असतात, सरकारी मदत घेतात, इंग्रजी येत नसतं. इथवर फॉरवर्ड बरोबर आहे. पण साधारण सहा वर्षांनी त्यांच्यातलं कामावर असणाऱ्यांचं प्रमाण तिथं जन्मलेल्यांपेक्षा जास्त होतं. आणि वीस वर्षांत माणशी जेवढी मदत घेतली, त्यापेक्षा सुमारे २१,००० डॉलर जास्त कर भरलेला असतो.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही फॉरवर्डवालाच ठरेन. काम मिळतं, पण मजुरी स्थानिकांच्या बरोबरीला येत नाही. वीस वर्षांनीसुद्धा नाही.

पहिली दोन वर्षं बघून निकाल देणं म्हणजे मृगात सरकी टोबून आषाढात बोंडं मोजायला जाणं. तुमचं काय मत? आपल्या भागातली उदाहरणं असतील तर जरूर लिहा.

मोंढा_नाका

जालन्याहून बोलतोय. उदाहरण शोधायला लांब कशाला जायचं? आपल्याकडच्या सिंधी मंडळींकडं बघा. आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, की सुरुवातीला ही माणसं खांद्यावर कापडाचे गठ्ठे टाकून गल्लोगल्ली फिरायची. रुपयामागं आणा सुटला तरी माल द्यायची, पण गिऱ्हाईक सोडायची नाहीत. आज बाजारात बघा. छत्रपती संभाजीनगरला जालना रोडला सिंधी कॉलनी आहे, तिथली घरं बघा.

मेहनत करणारा कुठंही वर येतो. बाकी सगळी आकडेमोड.

शेंगदाणा_चटणी

टँकरचं कारण पटलं. पुढचं वाचतोय.

अभ्यासू_आळशी

मोंढा_नाका दादा, मेहनतीबद्दल दुमत नाही, पण तेवढ्यानं भागत नाही. फाळणीत पंजाब तुटला, तेव्हा पूर्व पंजाबातून गेलेल्या मुसलमान शेतकऱ्यांची जमीन मागं राहिली होती. पश्चिमेकडून आलेल्या शीख आणि हिंदू शेतकऱ्यांना ती वाटली. कसानुसार 'प्रमाण एकर' ठरवून, वरून कपात लावून. मूळची जमीन १० एकरांपर्यंत असेल तर २५ टक्के काट, आणि ५०० एकरांच्या वरच्या भागावर तर ९५ टक्के. म्हणजे जमीनदार एकदम खाली आला, लहान शेतकऱ्याचं थोडं गेलं, पण दोघंही शेतकरीच राहिले.

सिंध तुटला नाही, सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. सिंधी माणसाला 'त्याच्या प्रांताचा उरलेला अर्धा' भारतात नव्हताच. त्यात तिथले बहुतेक हिंदू शहरात राहणारे, व्यापार, सावकारी, नोकरी करणारे. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकीत आणून ठेवले, १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. हिशेब येणारा, उधारीवर माल उचलायची सवय असलेला माणूस व्यापारात शिरला, यात नवल नाही. हाच माणूस जर फक्त नांगर धरणारा असता तर?

१९५८ ला दंडकारण्य प्रकल्प झाला, पूर्व बंगालचे निर्वासित, बहुतेक दलित शेतकरी, मध्य भारतातल्या जंगलात नेऊन वसवले. भातशेती आणि मासेमारी करणारी, नदीमुखाची माणसं. त्यांना खडकाळ, बिनपाण्याची जमीन दिली. मेहनत त्यांनीही केली. हजारो कुटुंबं तिथून उठून परत बंगालकडं निघाली. १९७९ मध्ये सुंदरबनातल्या मरीचझापीला त्यांचं काय झालं ते माहीत नसेल तर शोधून वाचा. इथं लिहवत नाही.

खुलताबादी

हेच हवं होतं, सर. तुमच्या म्हणण्याला जोड देतो. अर्थतज्ज्ञ कॅलेना कोर्तेस यांनी १९७५ ते १९८० मध्ये अमेरिकेत आलेल्यांची तुलना केली. एका बाजूला निर्वासित, दुसऱ्या बाजूला कमाईसाठी आलेले. १९८० ला निर्वासित ६ टक्के कमी कमवत होते आणि १४ टक्के कमी तास काम करत होते. १९९० ला चित्र उलटं. निर्वासितांची कमाई २० टक्के जास्त, तासही थोडे जास्तच.

त्यांचं कारण असं, की निर्वासिताला परतीची वाट नसते. कमाईसाठी आलेल्याला वाटतं, चार पैसे जमले की गावी घर बांधू. तो भाषा शिकायला वर्ष घालवत नाही. ज्याला गावच उरलं नाही, तो रात्रशाळेत जातो, परीक्षा देतो, नागरिकत्व घेतो.

निजामकालीन

खुलताबादी, वय ऐंशीच्या पुढं आहे, तेव्हा सावकाश लिहितो.

परतीची वाट हा मुद्दा आपल्या माणसांना वेगळा समजवायला नको. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीनं मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं हद्द ओलांडून गेली. बार्शी, सोलापूर, नगर, मनमाड, वऱ्हाडात उमरखेड. आमचं कुटुंब बार्शीला नातलगांच्या वाड्यात एका खोलीत होतं. वडील इकडं मुनीम, तिकडं तालमीशेजारच्या दुकानात पुड्या बांधायचे. पण सगळ्यांना ठाऊक होतं की हे तात्पुरतं आहे. कुणी तिथं धंदा लावला नाही, मुलांची नावं शाळेत घातली नाहीत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि आम्ही परत आलो. दाराला कुलूप तसंच होतं, आतलं सगळं गेलं होतं.

आणि हेही लिहिलं पाहिजे. त्यानंतर उलट बाजूनं माणसं निघाली, मुसलमान कुटुंबं. पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची चौकशी करायला दिल्लीहून पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यात उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. आमच्या गल्लीतले अत्तरवाले हैदराबादला गेले ते परत आले नाहीत. त्यांचा नातू पुढं मला भेटला, तिथं औषधाच्या दुकानात होता. मी विचारलं, दुकान तुमचं का? म्हणाला, नाही चाचा, नौकरी.

बालाघाटी

सगळं ठीक आहे हो, पण आमच्या बीडची लाखो माणसं दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात. पाचटाच्या कोपीत राहतात, पोरांची शाळा बुडते. त्यांच्यासाठी कोणतं पुनर्वसन? जगाची काळजी नंतर करू.

मोंढा_नाका

+१ बालाघाटी.

अभ्यासू_आळशी

ऊसतोडीचा प्रश्न मोठा आहे, धागा काढा, मी नक्की लिहीन. इथं एवढंच म्हणतो, की ऊसतोड मजूर उचल घेऊन जातो आणि पट्टा पडला की परत येतो, वर्षानुवर्षं. कोर्तेसच्या मुद्द्याचाच हा दुसरा चेहरा आहे. ना तिथं रुजता येतं, ना इथं.

संपादक

विषयाला धरून लिहावे. उडवलेल्या दोन प्रतिसादांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नयेत.

परदेशी_पाटील

मूळ अंबाजोगाई, सध्या ओहायोत कोलंबसला. इथल्या एका गोदामात शिफ्ट सांभाळतो, नाव सांगत नाही. माझ्या शिफ्टला अर्धी माणसं नेपाळी बोलणारी. नेपाळचे नाहीत, भूतानचे. १९९० च्या सुमारास भूतानमधून हाकलले गेलेले ल्होत्शाम्पा. पूर्व नेपाळात झापा आणि मोरंगच्या छावण्यांत पंधरा-सोळा वर्षं काढली. २००७ पासून त्यांना इतर देशांत न्यायला सुरुवात झाली, एक लाखाच्या वर माणसं हलली, बहुतेक अमेरिकेत. कोलंबसमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे.

इथली पद्धत सांगतो. विमानाचं तिकीटसुद्धा कर्जावर, बिनव्याजी, पण काही महिन्यांत हप्ता सुरू. संस्था घर बघून देते, शाळेत नावं घालते, आणि ही पहिली मदत ९० दिवसांपुरती. धोरण एकच, लवकरात लवकर कुठल्याही कामाला लागा. त्यामुळं माणूस लगेच गोदामात, कत्तलखान्यात, हॉटेलच्या भांड्यांवर लागतो. तिकडं मिनेसोटा, कोलोरॅडोत मांस कापायच्या कारखान्यांत सोमाली लोक भरपूर, तेही याच कारणानं. इंग्रजी नसलं तरी चालतं, मजुरी बरी, काम हाडं मोडणारं.

आता घराघरात काय दिसतं ते. छावणीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून विशी-पंचविशीत आलेली पोरं पटकन पुढं गेली. कुणी ट्रक घेतला, कुणी किराणा दुकान टाकलं, बऱ्याच मुली नर्सिंगला. चाळिशीत आलेला बाप अजून पॅकिंगच्या पट्ट्यावरच आहे. त्याचा पगार वाढलाय, हुद्दा तोच. आणि साठीत आलेले आजोबा... त्यांना वृद्धांसाठीची सरकारी मदत मिळते, पण सात वर्षांची मुदत. तोवर नागरिकत्व घेतलं तर पुढं चालू, नाहीतर बंद. अक्षर ओळख नसलेल्या शेतकऱ्याला परीक्षेत विचारतात, राष्ट्राध्यक्षानंतर कोण? माझ्याकडच्या एकाचे वडील त्या परीक्षेची पुस्तिका उशाशी घेऊन झोपतात.

घराचं उत्पन्न विचाराल तर सगळे मिळून चांगलं आहे. तीन-चार पगार एका छपराखाली, आठ-दहा वर्षांत स्वतःचं घर. आमच्या आयटीवाल्या मराठी मंडळींपेक्षा यांचं कर्ज लवकर फिटतं. पण माणशी बघितलं तर कथा वेगळी.

शेंगदाणा_चटणी

पाटील, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका की राव.

तेरणाकाठ

मी औसा तालुक्यातला. तुम्ही सगळे देश बदललेल्यांचं बोलायलाव, मी गाव बदललेल्यांचं सांगतो. निर्वासित नव्हं, पण गत तीच.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी. मी शाळकरी होतो, त्या रात्रीचं मी लिहिणार नाही. नंतरचं लिहितो. लातूर आणि धाराशिव मिळून ५२ गावं नव्या जागेवर बसवली. जागतिक बँकेचा पैसा आला. घरं जमिनीप्रमाणं: भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. रस्ते सरळ, चौक मोठे. शहरात असतात तसं.

घर मिळालं, मान्य. पण कमाईचं विचारा. जुन्या गावात सुतार, लोहार, न्हावी, परीट सगळ्यांची कामं वाड्याच्या आसऱ्यानं चालायची. बलुतं आधीच मोडत आलं होतं, नव्या गावात उरलंसुरलं गेलं. वस्ती इतकी पसरली की रानात जायला लांब पडतं. जनावर बांधायला जागा नाही म्हणून काहींनी म्हशी विकल्या. दगडी माळवदाचं काम करणारे गवंडी तर एका रात्रीत बेकार, कारण दगड म्हटलं की माणूस घाबरायचा. उलट ज्यानं त्या दोन-चार वर्षांत सिमेंटचं काम, सेंट्रिंग, वायरिंग शिकून घेतलं तो आज पुण्यात ठेकेदार आहे. माझा चुलता त्यातलाच. भूकंपाआधी सालगडी होता.

आणि एक. भूकंपग्रस्तांना सरकारी नोकरीत २ टक्के समांतर आरक्षण आहे, धरणवाल्या प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के. त्या दाखल्यावर आमच्याकडं शिक्षक, तलाठी, पोलीस झाले. पण कोण झाले? ज्यांच्या घरात दहावी-बारावी झालेलं पोरगं होतं ते. भूमिहीनाच्या घरी दाखला ट्रंकेत.

खुलताबादी

तेरणाकाठ, तुमच्या चुलत्याची गोष्ट म्हणजे फिनलंडची गोष्ट आहे, खरंच. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडनं कारेलिया प्रांत सोव्हिएत संघाला गमावला. चार लाखांवर माणसं, देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे ११ टक्के, उठून आली. शेतकऱ्यांना दुसरीकडं जमिनीही दिल्या. पुढं संशोधकांनी वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या नोंदी तपासल्या तर जे ग्रामीण पुरुष विस्थापित झाले होते, त्यांचं उत्पन्न न हललेल्या शेजारच्या ग्रामीण पुरुषांपेक्षा जास्त निघालं. कारण एकदा मूळ उपटलं गेल्यावर शेती सोडून शहरात जायला त्यांना जड गेलं नाही.

पश्चिम जर्मनीत युद्धानंतर पूर्वेकडून हाकललेले ८० लाखांच्या आसपास लोक आले. बोलायला जर्मन, धर्म तोच. तरी पहिली पिढी कमाईत वर्षानुवर्षं मागं राहिली. अपवाद पुन्हा शेतीतून बाहेर पडलेल्यांचा. १९५२ ला तिथं ओझं वाटून घेण्याचा कायदा केला. ज्यांची मालमत्ता युद्धात वाचली त्यांच्यावर कर लावून ज्यांचं गेलं त्यांना भरपाई. आपल्याकडं असा कायदा कुणी नुसता सुचवला तरी काय होईल याचा विचार करतोय.

बालाघाटी

म्हणजे उठवलं ते बरंच झालं म्हणायचं का? उद्या धरणवाले हेच सांगतील. "फिनलंडात बघा."

तेरणाकाठ

हाच माझा सवाल.

खुलताबादी

रास्त सवाल. नाही, तसं मी म्हणणार नाही. फिनलंडात शहरातल्या कारखान्यांना माणसं हवी होती, शाळा होत्या, आणि आलेला माणूस पहिल्या दिवसापासून नागरिक होता. जायकवाडीच्या पाण्याखाली ज्यांचं रान गेलं, त्यांना १९७६ च्या पुढं पैठणच्या आसपास कोणते कारखाने वाट बघत होते? नाथसागर भरला, खालचं रान भिजलं, आणि उठलेल्यांतले कित्येक दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेले. उत्पन्न वाढलं ते दुसरीकडं जायला वाट होती म्हणून. नुसतं उठवण्यानं काही वाढत नाही.

अभ्यासू_आळशी

खुलताबादींनी नागरिकत्वाचं काढलंच आहे तर माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आकडा टाकतो. स्वित्झर्लंडमध्ये आश्रय मागणाऱ्यांचा निकाल लागायला कुणाला महिने, कुणाला वर्षं लागतात. तपासलं तर वाट बघण्याचं प्रत्येक जादा वर्ष पुढच्या नोकरीची शक्यता ४ ते ५ टक्के-बिंदूंनी कमी करतं. जर्मनीत युगोस्लाव्हियाहून आलेल्यांच्या बाबतीत नियम बदलामुळं काहींना काम करायची परवानगी सात महिने उशिरा मिळाली. फक्त सात महिने. पाच वर्षांनी त्यांच्यातलं रोजगाराचं प्रमाण सुमारे २० टक्के-बिंदूंनी कमी, आणि फरक मिटायला दहा वर्षांपर्यंत लागली.

छावणीत रिकामं बसलेला माणूस फुकट खातो म्हणून आपण चिडतो, आणि त्याला काम करू नको असा कायदाही आपणच करतो.

डेन्मार्कनं दोन्ही प्रयोग केले. १९९९ मध्ये भाषेचे तास वाढवले. त्या लोकांची कमाई पुढं अठरा वर्षं तपासली तर वाढलेलीच दिसली. २००२ मध्ये उलटं केलं, मदत मोठ्या प्रमाणात कापली, उपाशी राहिले की कामाला लागतील असा हिशेब. लागलेही. पण तो परिणाम थोड्या वर्षांत विरला, आणि तोवर भुरट्या चोऱ्या वाढल्या, किशोरवयीन मुलांची शाळा तुटली.

म्हणून पाटलांच्या अमेरिकेतल्या पद्धतीबद्दल मला शंका आहे. लवकर काम मिळणं चांगलं, पण पॅकिंगच्या पट्ट्यावर दहा तास उभं राहिलेला माणूस इंग्रजीच्या वर्गाला कधी जाणार?

परदेशी_पाटील

सर, मान्य अर्धंच. पट्ट्यावर उभा राहिला म्हणून तर त्याला घर मिळालं, मान मिळाला. घरी पडून राहिलेले लोक मी बघितलेत, विशेषतः वयस्कर. भूतानी समाजात इथं आत्महत्यांचं प्रमाण इतकं होतं की सरकारच्या आरोग्य खात्यानं त्याची खास चौकशी केली, २०१२ मध्ये. काम नसणं हे त्यातलं एक कारण होतं. पण हो, सकाळी काम आणि संध्याकाळी वर्ग असं ज्यांना जमलं, तेच आज लीड आहेत. बायांना ते जमत नाही, घरी आल्यावर दुसरी शिफ्ट असतेच.

तसंही २०२५ च्या जानेवारीत इथं हा कार्यक्रमच थांबवला. विमानाची तारीख मिळालेल्या माणसांचीसुद्धा तिकिटं रद्द झाली. माझ्याकडं एक जण बहिणीची वाट बघत होता, आता विषय काढत नाही.

मोंढा_नाका

धागा वाचून एक आठवलं. दर हिवाळ्यात आपल्याकडं तिबेटी स्वेटरवाले येतात. ते कोणत्या हिशेबात धरायचे? पन्नास-साठ वर्षं झाली, पण दुकान अजून तंबूचंच. सिंध्यांसारखं का नाही झालं? मी त्यांच्यातल्या एका बाईंशी दरवर्षी बोलतो, मराठी माझ्यापेक्षा साफ.

अभ्यासू_आळशी

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. सिंधी माणूस आला तो नागरिक म्हणून. जागा, गुमास्ता, बँकेचं कर्ज, निवडणूक, सगळं त्याला खुलं. १९५४ ला भरपाईचा कायदाही झाला. तिबेटी माणसाकडं नोंदणीचं प्रमाणपत्र, ते वेळोवेळी नवं करायचं. नागरिकत्व घेतलं नसेल तर सरकारी नोकरी नाही, जमीन घेणं अवघड. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळं कोणाला काय द्यायचं हे धोरणावर चालतं. तिबेट्यांना त्यातल्या त्यात बरं मिळालं: कर्नाटकात बैलकुप्पे, आपल्याकडं गोंदियातल्या गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग वसाहत. शेती दिली, पण कुटुंब वाढलं तशी ती पुरेना. म्हणून हिवाळ्यात लुधियानाहून उधारीवर स्वेटर उचलायचे, दोन-तीन महिने विकायचे, हंगाम संपला की व्यापाऱ्याचे पैसे चुकते करायचे. थंडी पडली नाही की वर्ष गेलं.

मोंढा_नाका

उधारीवर माल आणि हंगामानंतर हिशेब. हे तर आमच्या मोंढ्यासारखंच झालं. लुधियानावाले यांना तारण न घेता माल देतात?

अभ्यासू_आळशी

बहुतेक वर्षानुवर्षांच्या विश्वासावर. पण त्यांची पुढची पिढी यात राहत नाहीये. शिकलेली पोरं बंगळूरला, दिल्लीला, जमलं तर थेट परदेशात. वसाहतींत म्हातारे उरलेत. या वर्षी त्या बाई आल्या की मुलं काय करतात ते विचारा आणि इथं टाका.

मोंढा_नाका

विचारतो. पण आधी दोन जर्किनं घ्यावी लागतील, नुसतं विचारलेलं बरं दिसत नाही.

तेरणाकाठ

अभ्यासू सर, एक कामाचं. चुलत भावाच्या पोरीला भूकंपग्रस्त दाखला आजोबांच्या नावावरून निघतो का? बारावी झाली यंदा. कुणाला पक्कं माहीत असेल तर व्यनि करा, ऑफिसात गेलं की रोज वेगळं सांगायलेत.